सापडलेला चेंडू

सगुणाबाईचा नेम दिसायला लहान होता. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायचा आणि दिवसभरात जे केलं, जे बोललं, ते देवाला तोंडानं सांगायचं. मागायचं काही नाही, नुसतं सांगायचं. आणि काही गाळायचं नाही. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूनं, कुसाबाईनं, हा नेम तिला लावून दिला होता. "देवाला तर समदं दिसतंय, मंग सांगायचं कशापायी?" असं नव्या सुनेनं विचारलं, तेव्हा सासू चुलीत फुंकर घालता घालता म्हणाली, "त्याला दिसतंच गं. तुला दिसावं म्हून सांगायचं."

तेव्हा घरात सात माणसं होती. दिव्यापुढे बसलं की मागून कोणीतरी हाक मारी, दूध उतू जाई, आणि नेम कसाबसा उरके. पुढे सासू-सासरे गेले, दीर वेगळे झाले, एकुलती लेक चांगुणा सिन्नरला दिली, आणि चौऱ्याहत्तर साली नवरा, गोटीराम, तीन दिवसांच्या तापानं गेला. भरल्या घरात जो नेम उरकावा लागे, तोच रिकाम्या घरात पुरवून पुरवून करावा लागू लागला. आज अमुक वाटेनं गेले, मुंगसाची जोडी दिसली, चहावाल्या चंदरला हो म्हटलं, वाणिणीला नाही म्हटलं. दिवसाकाठी तिच्या तोंडून जेवढे शब्द निघत, त्यातले निम्मे देवापुढेच निघत.

घर म्हणजे क्लबच्या आवाराच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्या. नाशिकच्या लोकांना गोल्फचा हा क्लब ऐकून ठाऊक होता. आत काय चालतं ते मात्र फारसं कोणाला माहीत नव्हतं. गावाबाहेरच्या माळावर साहेबलोकांनी चौतीस साली नऊ ठिकाणी नऊ खड्डे खणले, बारा-तेरा वर्षं चेंडू टोलवत फिरले, आणि स्वराज्य आल्यावर निघून गेले. मागे वकील, डॉक्टर, कारखान्यांचे मॅनेजर खेळू लागले. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, एवढ्या मोठ्या माळावर या चार माणसांचं काय बरं हरवलंय.

विलायतेत म्हणे खड्ड्याभोवती हिरवळ असते. इथं माळावर हिरवळीला पाणी कुठून आणायचं? म्हणून खड्ड्याभोवती गोल अंगण करून त्यात बारीक वाळू पसरायची आणि गॅरेजमधलं जळकं तेल तिच्यात मुरवायचं. मग वाळू वाऱ्यानं उडत नाही, तपकिरी होऊन दबून बसते. त्या अंगणाला क्लबात 'ब्राऊन' म्हणत. खेळणारे चालून गेले की त्यावर बुटांचे ठसे उठत. मग दोरी बांधलेली लाकडी फळी घेऊन खड्ड्यापासून सुरुवात करायची आणि गोल गोल ओढत बाहेर यायचं, की ब्राऊन पुन्हा सारवल्यासारखा साफ. हे काम गोटीरामचं. तो गेल्यावर कमिटीनं सगुणाबाईला विचारलं आणि ती त्याचीच फळी ओढू लागली. नऊ ब्राऊन, रोज, उजाडल्यापासून. तेलाचा वास हाताला असा मुरला होता की दिव्याला हात लावण्याआधी तिला राखेनं आणि लिंबाच्या सालीनं हात घासावे लागत.

गोटीरामनं एक रीत घालून दिली होती. गवतात, काट्यात, ब्राऊनवर कुठंही कोणाचा राहिलेला चेंडू सापडला, तर तो घरी न्यायचा नाही की ऑफिसात द्यायचा नाही. जवळच्या खड्ड्यात ठेवायचा. ज्याचा असेल तो आज ना उद्या त्या खड्ड्याशी येणारच. "चेंडूचं घर खड्डा. आपन फकस्त घरी पोचवायचा," असं तो म्हणे. तो गेला तरी सगुणाबाईनं ही रीत चालू ठेवली.

निफाडकर साहेब क्लबात आले एकोणऐंशी साली, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन. जयराम निफाडकर. उंच, जरासे वाकलेले. बायको आधीच गेलेली, मुलगा सातासमुद्रापार. सकाळी सगळ्यांच्या आधी येत, आपली पिशवी आपणच खांद्यावर घेत, एकटेच नऊ खड्डे खेळत, आणि मग व्हरांड्यातल्या शेवटच्या टेबलाशी बसून चहा पीत. मधल्या टेबलाशी क्लबचे सेक्रेटरी गायधनी वकील आणि त्यांची मंडळी असत. तिथं हशा चाले. निफाडकरांना कोणी वाईट बोलत नव्हतं. बोलतच नव्हतं, एवढंच.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात कमिटीत ठरलं, की येत्या चैत्रात क्लबला पन्नास वर्षं होतात, तर क्लबच्या इतिहासाची एक पुस्तिका काढावी. लिहिणार कोण? "निफाडकरांकडे द्या, त्यांच्याकडे वेळ बख्खळ आहे," गायधनी म्हणाले. मंडळी हसली आणि काम निफाडकरांकडे आलं.

जुनी दप्तरं उघडली तर निम्मी वाळवीनं खाल्लेली. मग क्लबचा चहावाला चंदर त्यांना म्हणाला, "साहेब, कागदापेक्षा आमच्या सगुणामावशीला विचारा. गोटीरामबाबानं समदं तिला सांगून ठेवलंय." म्हणून एका सकाळी निफाडकर सातव्या ब्राऊनजवळच्या दगडावर बसले आणि खिशातून वही काढली.

"सगुणाबाई, गोटीराम इथं कामाला कधी लागले?"

"दुष्काळ व्हता म्हनायचे."

"कोणता दुष्काळ?"

"आता दुष्काळाला का बारसं करतंय कोनी, साहेब?"

निफाडकर हसले. त्यांना हसताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवसापासून ते रोज सातव्यापाशी अर्धा तास थांबू लागले. ती फळी ओढता ओढता सांगे. एक मडम होती, ती चेंडू मारण्याआधी माळावरच्या म्हसोबाला टोपी काढून नमस्कार करायची. तिचा नवरा हसला, त्या दिवशी त्याचे तिन्ही चेंडू नाल्यात गेले. बहात्तरच्या दुष्काळात माळावर गुरांची छावणी पडली, नऊच्या नऊ खड्डे गुरांच्या खुरांखाली बुजले. छावणी उठल्यावर सेक्रेटरी म्हणाले, आता खड्डे होते तरी कुठं? गोटीरामनं फाटकापासून पावलं टाकत नऊही जागा काढून दिल्या. एकही चुकली नाही.

"हे कुठंच लिहिलेलं नाही," निफाडकर म्हणाले.

"लिहिनारं व्हतं कोन? त्यांना सही येत नव्हती आन् बाकीच्यांना खड्डे सापडत नव्हते."

संध्याकाळी ती देवाला सांगे, आज साहेबांनी अमुक विचारलं, मी तमुक सांगितलं. अंथरुणातून उठतानाच आज काय सांगायचं ते मनात येऊ लागलं. चौऱ्याहत्तरपासून तिला कोणी काही विचारलं नव्हतं. त्या अर्ध्या तासाची तिला सवय लागली, आणि एकट्या माणसाची सवय म्हणजे काय, ते एकट्या माणसालाच कळतं.

पौषातल्या एका सकाळी धुकं असं उतरलं की नाल्यापलीकडचं काही दिसेना. सातव्या खड्ड्याची जागा तशी अडचणीची. नाल्याच्या अलीकडून मारायचं, चेंडूनं नाला ओलांडायचा आणि पलीकडे ब्राऊनवर पडायचं. सगुणाबाई करंजाच्या झाडामागे वाळूची पाटी भरत होती. पाटी घेऊन ब्राऊनवर आली तर तिथं एक चेंडू. खड्ड्यापासून दीड हातावर. तिला वाटलं, काल संध्याकाळच्या मंडळींपैकी कोणाचा राहिला. इतक्या धुक्यात कोण मरायला खेळतंय? तिनं चेंडू उचलला, पदराला पुसला, खड्ड्यात ठेवला आणि फळी ओढायला लागली. गोल गोल ओढत कडेला आली तोच नाल्यातून निफाडकर वर आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्यांनी झुडपं धुंडाळली, करंजामागे पाहिलं, पुन्हा नाल्यात डोकावले.

"सगुणाबाई, चेंडू दिसला का हो?"

तिनं हातानं खड्डा दाखवला.

निफाडकर खड्ड्याशी गेले, वाकले, चेंडू बाहेर काढला. त्यावर त्यांनी शाईनं केलेली खूण होती. ते तसेच वाळूत बसले. बुटांची, कपड्यांची कशाचीच पर्वा नाही.

"एका फटक्यात," ते म्हणाले. "सगुणाबाई, एका फटक्यात गेला. पन्नास वर्षांत या मैदानावर हे कोणाला जमलेलं नाही. मी सगळी दप्तरं पाहिलीत."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, आपण काय केलं ते. तोंड उघडायचं, दोन शब्द बोलायचे, संपलं. पण समोर पासष्टीचा माणूस तेलकट वाळूत बसून चेंडू दोन्ही हातांत धरून पाहत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "चा घ्या साहेब, गारठलात." ते दोन शब्द तोंडातच राहिले.

तासाभरात गायधनी वकील चार जणांना घेऊन सातव्याशी हजर झाले. अशा पराक्रमाला साक्षीदार लागतो, असा खेळाचा रिवाज होता.

"काय गं सगुणे, बॉल होलमध्येच होता ना?"

"खड्ड्यातच व्हता साहेब."

खोटं त्यात अक्षरही नव्हतं. म्हणूनच ते जास्त बोचलं.

त्या दिवशी निफाडकरांना मधल्या टेबलाशी बसवलं. असा चेंडू घालणाऱ्यानं सगळ्यांना पाजायचं, हाही रिवाजच. निफाडकर दारूला शिवत नसत. त्यांनी केशर घातलेलं दूध आणि जिलेबी मागवली. "एवढा पराक्रम आणि दुधावर भागवताय? बाळंतपण झालंय की काय?" म्हणून गायधनींनी त्यांची टोपी उडवली, आणि निफाडकर सगळ्यांहून मोठ्यानं हसले. चंदरनं द्रोणात चार जिलेब्या सगुणाबाईला आणून दिल्या. तिनं त्या हातात घेतल्या, आणि चंदर वळल्यावर गाईला घातल्या.

संध्याकाळी दिवा लावला. उठल्यापासूनचं सगळं सांगत सांगत ती सातव्या ब्राऊनपर्यंत आली. मग म्हणाली, "आन् मंग आठव्यावर गेले."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाळलं. एकदा गाळलं म्हणजे झालं, असंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती गोष्ट काढलीच, तिला मान हलवावी लागलीच, आणि संध्याकाळी तेही गाळावं लागलं. पौष सरला, माघ सरला. निफाडकरांना मंडळी 'एक्कासाहेब' म्हणू लागली. ते आता एकटे खेळत नसत. कोणी ना कोणी बरोबर असे. सातव्यापाशी ते अजूनही थांबत, पण अर्धा तास नव्हे. बरोबरची माणसं खोळंबत. "सगुणाबाई, उद्या सावकाश बोलू," असं म्हणून पुढे जात. जाताना हसून मागे बघत, जणू दोघांचं मिळून काही गुपित आहे.

गुपित होतं, पण ते तिचं एकटीचं होतं. सांगावं तर हे हसू जाणार, मधल्या टेबलावरची खुर्ची जाणार, आणि आपल्याशी बोलणारं एकमेव माणूसही जाणार. न सांगावं तर दिव्यापुढे तोंड उघडवत नाही. फाल्गुनात तर तिचं सांगणं इतकं आटलं की दिवा लागे आणि ती नुसती हात जोडून बसे. घर इतकं मुकं गोटीराम गेला तेव्हाही झालं नव्हतं.

होळीनंतर चार दिवसांनी निफाडकर एकटेच आले. हातात पिवळ्या पुठ्ठ्याची पातळ पुस्तिका.

"छापखान्यातून कालच आली. दोनशे प्रती. पहिली तुम्हाला वाचून दाखवतो."

ते दगडावर बसून वाचू लागले. मडमेची टोपी त्यात होती. छावणी होती. 'कै. गोटीराम यांनी केवळ पावलांच्या अंदाजाने नऊही जागा अचूक शोधून दिल्या,' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. सगुणाबाईनं फळीची दोरी हाताला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"आणि हे ऐका. 'क्लबच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात सातव्या खड्ड्यात एकाच फटक्यात चेंडू घालण्याचा योग एकदाच आला. या प्रसंगी ब्राऊनची निगा राखणाऱ्या श्रीमती सगुणाबाई प्रत्यक्ष हजर होत्या.' माझं नाव मुद्दाम घातलं नाही. कोणाचं तरी हवं, म्हणून तुमचं घातलंय."

"साहेब, थांबा."

ते थांबले.

"चेंडू म्या ठिवला व्हता."

निफाडकरांनी पुस्तिका मिटली नाही. बोट त्या ओळीवरच होतं.

"मला वाटलं कालचा हाय कोनाचा तरी. धुकं व्हतं. आमची रीत हाय, सापडला की खड्ड्यात ठिवायचा. तुम्ही येताय ते दिसलंच नाय. मंग तुम्ही खाली बसला, आन् माझ्या तोंडून निघालं नाय."

रस्त्यावरून चांदवडकडचे कांद्याचे दोन ट्रक गेले, त्यांचा आवाज विरून गेला.

"तीन महिने?" ते म्हणाले.

"धीर झाला नाय, साहेब."

"आणि आज कसा झाला?"

"तुम्ही माझं नाव घातलंत. आमचं नवरा-बायकूचं नाव एका पुस्तकात आलं. त्यांचं खऱ्यात, माझं खोट्यात."

निफाडकर उठले. पाठमोरे होऊन नाल्याकडे पाहत उभे राहिले. तिला वाटलं, आता हे असेच निघून जातील, आणि आपल्याला पाठच दिसेल. पण ते तसेच पाठमोरे म्हणाले, "सगुणाबाई, चेंडू वाळूवरून गडगडत खड्ड्यात गेला, तर वाळूवर रेघ उमटते. त्या दिवशी ब्राऊन तुम्ही नुकताच ओढला होता. रेघ होती की नव्हती, ते तुम्हालाच ठाऊक. मी छत्तीस वर्षं इंजिनिअर होतो. धरणाच्या भिंतीवरची केसाएवढी भेग मला लांबून दिसायची. मला ते दिसलं नसेल?"

सगुणाबाईनं वर पाहिलं.

"दिसलं होतं. तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. त्याच दुपारी मला त्या टेबलाशी बोलावलं, मग तर विचारायचं राहूनच गेलं." ते वळले. चेहरा रागावलेला नव्हता, दमलेला होता. "कुठं होता तो? मला जागा दाखवा."

तिनं खड्ड्यापासून हात टाकला, एक, आणि मग वीतभर. नाल्याच्या अंगाला. तिथं बोट टेकवलं.

"एवढ्या जवळ," निफाडकर म्हणाले. त्यांनी खिशातून चेंडू काढून तिथं ठेवला, पिशवीतून आखूड काठी काढली, पाय जुळवले. कितीतरी वेळ ते नुसते उभेच होते. मग हळूच मारलं. चेंडू वाळूवर रेघ ओढत गेला, खड्ड्याच्या काठाला टेकला, आणि पलीकडे जाऊन थांबला.

ते पुढे झाले आणि वीतभर राहिलेला चेंडू आत ढकलला.

"तीन," ते म्हणाले. "एक तो धुक्यातला, आणि हे दोन. आता हा खड्डा पुरा झाला."

निफाडकरांनी पुस्तिकेतल्या त्या ओळी काढायचं ठरवलं, पण गायधनी वकिलांना हे पटण्यासारखं नव्हतं. पाडव्याच्या समारंभाला कलेक्टर यायचे होते, पुस्तिका छापून आल्या होत्या. व्हरांड्यात सगळ्यांदेखत ते म्हणाले, "अहो निफाडकर, कोण विचारणार आहे? त्या बाईच्या तोंडून निघालं, तुमच्या कानात गेलं, तिथंच राहू द्या. झाकली मूठ."

"वकीलसाहेब, इतिहास मी लिहिलाय."

"म्हणून तर म्हणतो. तुमचाच इतिहास, तुमचाच एक्का. का खोडताय?"

"माझा आहे म्हणूनच."

"एक्क्याची तिर्री करून घेतलीत हाताने," मागून कोणीतरी म्हणालं, आणि मधलं टेबल हसलं. निफाडकर चहाचा कप घेऊन शेवटच्या टेबलाशी जाऊन बसले. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं. या असंही कोणी म्हटलं नाही.

दोनशे पुस्तिका पुन्हा छापणं होण्यासारखं नव्हतं. निफाडकरांनी छापखान्यातून त्या चार ओळींच्या मापाच्या कागदी पट्ट्या छापून आणल्या आणि व्हरांड्यात चटई अंथरली. सगुणाबाईनं घरून कणकेची खळ शिजवून आणली, वाळवी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. दुपारी माळावर कोणी नसे. ते पान उघडत, ती बोटानं खळ लावी, ते पट्टी बसवून हाताच्या कडेनं दाबत. विसाव्या का पंचविसाव्या प्रतीनंतर तिनं विचारलं, "पट्टीवर काय छापलंय?"

"या मैदानावर कोणाचा चेंडू सापडला तर तो खड्ड्यात ठेवण्याची रीत आहे, ही रीत कै. गोटीराम यांनी घालून दिली व श्रीमती सगुणाबाई आजही ती पाळतात. एवढंच. मापात तेवढंच बसत होतं."

ती पुढच्या पानाला खळ लावू लागली. बोट जरा जास्तच फिरलं, आणि त्या प्रतीच्या समासात खळ पसरली. निफाडकरांनी रुमालानं पुसली आणि प्रत तिच्याकडे सारली. "ही तुमची."

त्या संध्याकाळी दिवा लावून ती बसली ती तास-दीड तास उठली नाही. पौषापासून गाळलेलं सगळं सांगायचं होतं. सांगून झाल्यावर हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. हलकं वाटलं, पण घर होतं तेवढंच रिकामं होतं.

समारंभ झाला. कलेक्टर पुस्तिका चाळून म्हणाले, "छान." लोक पांगले. आणि निफाडकर माळावर यायचे बंद झाले.

आठ दिवस, पंधरा दिवस. चंदर म्हणाला, "घरीच असतेत म्हनं. तब्येतीला काय नाय." सगुणाबाई रोज नऊ ब्राऊन ओढी. उन्हाळ्यात खेळणारे कमी, सातव्यावर आता ठसेच नसत. पहाटेचं कोणी फिरकत नव्हतं. तरी ती फळी ओढी, साफ असलेलं साफ करी, आणि संध्याकाळी देवाला सांगे, आज कोणी आलं नाही. उद्याही तेच सांगे. चांगुणानं सिन्नरहून निरोप धाडला, आई, इकडे ये चार दिवस. ती गेली नाही. का गेली नाही, तेही तिनं देवाला सांगितलं.

वैशाख लागला. एका सकाळी ऊन चढायच्या आत नाल्यापलीकडून काठीचा आवाज आला. चेंडू ब्राऊनच्या बराच अलीकडे, दगडांत पडला. थोड्या वेळानं निफाडकर वर आले. दाढी वाढलेली. पिशवीत दोनच काठ्या. त्यांनी चेंडू शोधला, मारला, ब्राऊनवर आणला, चार की पाच फटक्यांत खड्ड्यात घातला. तिच्याकडे पाहून मान हलवली. मग आठव्याकडे जायला निघाले.

दगडाशी येऊन ते क्षणभर घोटाळले. बसायला कारण उरलं नव्हतं. इतिहास लिहून झाला होता, वही संपली होती. विचारण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि आपण होऊन सांगायची तिला सवय नव्हती. तसेच ते तिथून निघून गेले असते. उद्याही गेले असते, परवाही. सगुणाबाईला ते दिसलं. तिनं फळी खाली ठेवली. आजवर ती त्यांच्या विचारण्याला उत्तरच देत आली होती. स्वतः एक प्रश्न तिनं त्यांना कधी केला नव्हता.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही या खेळाच्या नादी कसे लागलात?"

निफाडकर थांबले. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवली, दगडावरची धूळ हातानं झाडली आणि बसले.

"घोटीकडे धरणाच्या कामावर होतो," ते म्हणाले. "पंचावन्न साल असेल. पावसानं काम बंद, आणि बायको माहेरी गेलेली..."

ती त्यांच्यासमोर, ब्राऊनच्या काठाला, मांडी घालून बसली. आठवा आणि नववा अजून ओढायचे होते. ऊन करंजाच्या फांद्यांतून खाली आलं होतं.

"मंग?" ती म्हणाली.